हातावरून उचललेलं ताट

विमलाबाईंचे दोन्ही हात कणकेत होते, आणि दौलतराव चर्चच्या कमिटीच्या मीटिंगवरून परतले ते चपलाही न काढता थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा इतका खुललेला, की रेल्वेच्या शेडमधून निवृत्त झाले त्या दिवशी गळ्यात हार पडले तेव्हाही विमलाबाईंनी तो तसा पाहिला नव्हता.

"विमल, उद्या पहिली भाकर तुला," ते म्हणाले. "पाळकसाहेबांच्याही आधी. आणि देणार कोण, तर मी. एकमतानं ठरलं."

कणकेतले हात थांबले... पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच थांबले.

पंचवीस वर्षं कल्याण पूर्वेच्या त्या लहानशा मराठी चर्चमधली प्रभुभोजनाची भाकर दौलतराव उजागऱ्यांच्या या ओट्यावर होत आली होती. महिन्याचा पहिला रविवार प्रभुभोजनाचा. प्रभूनं आपल्यासाठी देह दिला त्याची आठवण म्हणून त्या दिवशी सगळी मंडळी एका ताटातली भाकर खाते आणि द्राक्षांच्या रसाचा घोट घेते. मोठ्या चर्चांमध्ये बेकरीतून पाव येतो म्हणे. पण इथल्या मंडळीची मुळं नगर जिल्ह्यातली, राहुरी-नेवाशाकडची. त्यांना विकतचं कसं गोड लागावं? तेव्हा शनिवारी दुपारी विमलाबाईंनी गव्हाच्या पिठात दूध, चमचाभर तेल आणि चिमूटभर मीठ घालून कणीक मळायची, जाडसर पोळ्या मंद आचेवर भाजायच्या, रविवारी सकाळी त्यांचे बोटाच्या पेराएवढे चौकोन कापायचे आणि पांढऱ्या रुमालाखाली झाकून न्यायचे, असा शिरस्ताच पडून गेला होता.

"सत्कारही आहे बरं का. शाल, पुष्पगुच्छ, सगळं," दौलतराव सांगत होते. "कल्पना संदेश पाळकांची. म्हणाले, ज्या माउलीनं पंचवीस वर्षं सगळ्यांना भरवलं, तिला आपण उद्या सगळ्यांच्या आधी भरवू. वयानं लहान आहे, पण डोकं आहे हो पोराला."

धर्मगुरू म्हणून संदेश पाळक या चर्चमध्ये येऊन सहाच महिने झाले होते. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, की भरवणाऱ्या या माउलीनं गेल्या सात वर्षांत त्या भाकरीचा कणसुद्धा तोंडात घातला नव्हता!

ठाऊक तसं कोणालाच नव्हतं. भाकर करणारी बाई उपासनेच्या वेळी वेदीमागच्या छोट्या खोलीत असते. ताटं भरून द्यायची, रिकामी परत घ्यायची, आणि सगळ्यांचं झालं की उरल्यातला एक चौकोन तिथेच, एकटीनं, प्रार्थना करून घ्यायचा. तिनं घेतला की नाही हे पाहायला कोण जातंय? पंगतीत बसलेला माणूस आचारी जेवला का असं विचारत नाही, त्यातलीच गत.

आणि त्या सात वर्षांच्या मुळाशी होती संचिता... विमलाबाईंची एकुलती एक लेक.

संचिता नर्स झाली आणि तिचं लग्न नगरच्या एका नावाजलेल्या ख्रिस्ती घरात झालं. जावई प्रितम चर्चच्या गायनमंडळात गायचा, आणि असा गोड गायचा की ऐकणाऱ्यानं डोळे मिटावेत. तोच घरी बायकोला मारायचा. तीन वर्षं पोरीनं ओठ शिवून सोसलं. चौथ्या वर्षी उजव्या कानाचा पडदा फाटला तेव्हा एक बॅग घेऊन ती कल्याणला आली आणि पुढे कोर्टातून मोकळी झाली. दौलतरावांनी तिला दारात उभं केलं नाही असं नाही. कानाच्या डॉक्टरांकडे खेपा त्यांनीच घातल्या, औषधाच्या वेळा त्यांनीच सांभाळल्या. बाप म्हणून माणूस कुठे कमी पडला नाही... पण दौलतराव नुसते बाप नव्हते, ते मंडळीचे पंच होते. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पाच पंचांत त्यांचा शब्द अखेरचा.

त्याच्या तीनच वर्षं आधी महिला मंडळातल्या मालनबाईंची रचना अशीच नवऱ्याचं घर सोडून आली होती, आणि त्या वेळी दौलतरावांनीच ठराव मांडला होता, की नवऱ्याला सोडून आलेल्या बाईनं पंच मोकळं करतील तोवर प्रभुभोजनाला हात लावू नये. मालनबाई भर मीटिंगमध्ये त्यांच्या पाया पडल्या होत्या. "नियम सगळ्यांना सारखा, बाई," एवढंच ते म्हणाले होते. रचना त्यानंतर चर्चची पायरी चढली नाही. पुण्याला गेली ती गेलीच, आईला फोनसुद्धा सणासुदीला. आता तोच नियम दौलतरावांच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला होता. लोक काय म्हणतील याची वाट न बघता त्यांनी स्वतःच्या हातानं कमिटीला अर्ज लिहिला, की माझ्या मुलीलाही तीच शिस्त लागू करावी. केवढी वाहवा झाली! न्यायी असावा तर दौलतरावांसारखा, म्हणाले लोक.

फक्त एकच गोष्ट राहून गेली. ज्या पोरीसाठी अर्ज लिहिला, त्या पोरीला सांगायचं राहून गेलं.

प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी ते दोनदा तिच्या खोलीच्या दाराशी गेले आणि दोनदा, "गोळी घेतलीस का?" एवढं विचारून परतले. रविवारी संचिता आईच्या मऊ सुती ओढणीनं कान झाकून बाकावर बसली होती. ताट आलं तशी तिनं डोळे मिटून ओंजळ पुढे केली... आणि ते ताट तिच्या सख्ख्या बापानं, सगळ्या मंडळीदेखत, तिच्या ओंजळीवरून उचललं आणि पलीकडच्या बाईसमोर नेलं. वेदीमागच्या दारातून विमलाबाईंनी ते पाहिलं. ताट पुढे गेलं तरी लेकीची ओंजळ तशीच होती. भाकर यायला उशीर का होतोय हे न कळून तिनं डोळे उघडले. मग ती उठली, बाहेर गेली, आणि महिन्याच्या आत तिनं टिटवाळ्याला एका नव्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं जागा घेतली.

त्या दिवशी खोलीत एकट्या असताना विमलाबाईंनी आपला चौकोन उचलला, तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला. ज्या पंगतीतून माझं लेकरू रिकाम्या हातानं उठलं, त्या पंगतीत मी कशी जेवू? त्यांना वाटलं होतं, महिनाभराचा प्रश्न आहे. महिन्याची सात वर्षं झाली. हे पाप तर नाही ना, असं त्यांनी देवाला सरळ विचारलंही होतं; आणि देवानं रागावल्यासारखं काही केलं नाही, तेव्हा त्यांनी ते तसंच चालू ठेवलं. भाकर करणं मात्र सोडलं नाही. बाकीच्यांनी त्यांचं काय घोडं मारलं होतं?

एक गोष्ट मात्र बदलली. पूर्वी तव्यावरची पहिली पोळी संचिताची असे. अकरा वर्षांची असल्यापासून ओट्याला टेकून ती गरम तुकडा चावायची आणि हेडमास्तरीण असल्यासारखी निकाल द्यायची, कारण विमलाबाईंचा हात मिठाला पहिल्यापासूनच आखडता. ती सासरी असताना विमलाबाई स्वतःच चव बघत; त्या रविवारनंतर पहिल्या पोळीची चव बघायला घरात कोणी उरलं नाही.

मायलेकींची भेट मात्र तुटली नव्हती हं. संचिता नौपाड्यातल्या एका दवाखान्यात कामाला होती, तिला बुधवारी सुट्टी असायची, आणि सात वर्षं दर बुधवारी विमलाबाई डबा घेऊन टिटवाळ्याला जात. नवऱ्याला सांगत, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते. दर बुधवारी डोळे तपासून घेणारी बाई साऱ्या ठाणे जिल्ह्यात दुसरी नसेल! आणि दौलतराव तरी कसले... बुधवारी सकाळी बाजारात जाऊन पिवळे, किंचित कडक पेरू निवडून आणत, जसे संचिताला आवडत तसेच, आणि पिशवी ओट्यावर ठेवून पेपरात तोंड खुपसून म्हणत, "डॉक्टरांना दे." सात वर्षांत त्या घरात लेकीचं नाव निघालं नव्हतं आणि एकही बुधवार बिनपेरूचा गेला नव्हता. हंगाम नसला की चिकू.

आता कणीक भरल्या हातांनी विमलाबाई वळल्या. मनाशी त्यांचं ठरून गेलं होतं. खोटं खायचं नाही. देवाच्या ताटातलं तर नाहीच नाही.

"अहो, उद्या संचिताला बोलावू का?"

दौलतरावांच्या चेहऱ्यावरचं सगळं खुललेपण विरलं. सात वर्षांनी ते नाव त्या स्वयंपाकघरात आलं होतं. त्यांनी खाली पाहिलं, पायात चपला आहेत हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं, त्या काढायला ते बाहेर गेले आणि बऱ्याच वेळानं परत आले.

"बोलाव की. आईचा सत्कार आहे. बाक सगळ्यांना मोकळे आहेत."

"बाकाचं नाही विचारत मी. ताटाचं विचारते."

"विमल..." ते पाटावर बसले. गुडघे दुखायचे त्यांचे, पण पाटाची सवय सुटत नव्हती. "मालनबाईंच्या मुलीला एक माप आणि माझ्या मुलीला दुसरं, असं कसं करू? ती बाई दर रविवारी समोर बसते माझ्या. काय तोंड दाखवू तिला?"

"दोघींचं माप चुकलं असेल तर?"

"तेव्हा नाही वाटलं तसं."

"आणि आता?"

दौलतरावांनी पिठाच्या डब्याचं झाकण उचललं, नीट बसवलं, पुन्हा उचललं.

"मग उद्या माझ्यासमोर ताट आणू नका," विमलाबाई शांतपणे म्हणाल्या. "आणलंत तर मी घेणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"वेडी आहेस. सत्काराला लाजतेस एवढंच," असं म्हणून ते उठले आणि पांढरा शर्ट इस्त्रीला द्यायला निघून गेले. बायको जे बोलते ते तसंच्या तसं खरं असतं, हे चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना कधी शिकायला मिळालं नव्हतं, कारण विमलाबाईंनी त्यांना आजवर नाही म्हटलंच नव्हतं.

संध्याकाळी विमलाबाईंनी लेकीला फोन लावला. दवाखान्यातून ती नुकतीच सुटली होती. मागे रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते.

"येणार ना मी. तुझा सत्कार आणि मी नाही, असं होईल का?" संचिता म्हणाली. "पण आई, ताट फिरेल तेव्हा मी हात पर्सखाली ठेवणार हां. पप्पांना टेन्शन नको. तेवढं सांग त्यांना."

"राग आहे का गं अजून?"

"राग नाही. राग असता तर बरं झालं असतं." आवाज किंचित भिजला. "पप्पांचे पेरू येतात ना माझ्याकडे दर बुधवारी. कधीकधी मी ते नुसते मांडून बघत बसते. मला सांग आई, ज्या माणसाला माझ्यासाठी पेरू निवडता येतो, त्याला माझ्या हातावर भाकर ठेवता येऊ नये? मी काय केलं होतं गं? मी फक्त जिवंत परत आले होते..."

विमलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्या एवढंच म्हणाल्या, "ये तू. पांढरी साडी नेस, ती माझीवाली."

रविवारी चर्च भरलेलं होतं. सत्कारमूर्ती म्हणून विमलाबाईंना वेदीपुढे खुर्चीवर बसवलं होतं आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मंडळीचे चेहरे समोरून दिसत होते. किती ओळखीचे हे चेहरे! यांतल्या कितीजणांच्या घरची लग्नं, बारशी, मातीसुद्धा त्यांनी पाहिली होती. संचिता आली ती सर्वांत शेवटी, आणि शेवटच्या बाकाच्या कडेला बसली. माना वळल्या. दोन बायकांनी एकमेकींच्या कानाला तोंड लावलं. पुढच्या बाकावर बसलेल्या मालनबाईंनी मागे वळून एकदाच पाहिलं, आणि ओठ असे मिटून घेतले की त्यातून आत काय चाललंय ते कोणालाच कळू नये.

शाल झाली, पुष्पगुच्छ झाला, संदेश पाळक दोन शब्द फार सुरेख बोलले. मग गीत झालं, प्रार्थना झाली, पाळकांनी भाकर मोडली आणि ताट दौलतरावांच्या हाती दिलं. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात दौलतराव पाच पावलं चालून बायकोसमोर आले. त्यांचे डोळे भरून आले होते. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोचं कौतुक कधी चारचौघांत केलं नाही, ते आज देवाच्या घरात करायला मिळत होतं.

"घे, विमल," ते हलक्या आवाजात म्हणाले.

विमलाबाईंनी हात जोडले. "मी सांगितलं होतं. मला नको."

"अगं, लोक बघतायत."

"बघू दे."

त्या उठून उभ्या राहिल्या. खांद्यावरची शाल सावरली. आवाज मात्र त्यांना स्वतःला नवल वाटावं इतका स्थिर आला.

"मंडळींनो, तुम्ही माझा मान केलात, तुमचे उपकार आहेत. पण खोटा मान घेऊन मी घरी जाणार नाही. गेली सात वर्षं मी ही भाकर केली, पण खाल्ली नाही. एकदाही नाही. ज्या दिवशी माझ्या लेकीच्या ओंजळीवरून हे ताट उचललं गेलं, त्या दिवसापासून हा घास माझ्या घशाखाली उतरत नाही. मी कोणावर रागावून नाही बोलत... माझी मुलगी मार खाऊन आली होती. कानातून रक्त येत होतं तिच्या. तिला त्या दिवशी भाकरीची जेवढी गरज होती तेवढी इथे कोणालाच नव्हती, मलाही नव्हती. आणि तिलाच आपण म्हटलं, तू सोडून सगळ्यांनी घ्या. मालनच्या रचनालाही आपण तेच म्हटलं. तेव्हा मीही गप्प बसले होते. परक्याची पोर होती ना... ती माझीही चूक आहे. आपण पोरींचं दुःख विचारलं नाही, त्यांचा गुन्हा तेवढा विचारला. प्रभूनं आपल्याला असं विचारलं असतं, तर इथे किती बाक भरले असते?"



"सात वर्षं?" दौलतराव म्हणाले, आणि तो आवाज पंचाचा नव्हता. "विमल, तू मला सांगितलं नाहीस..."

"तुम्ही तरी तिला कुठे सांगितलं होतंत, त्या शनिवारी?"

हा घाव मात्र थेट आत गेला. त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, की सात वर्षांत एकही शनिवार असा गेला नव्हता, जेव्हा त्या रिकाम्या खोलीच्या दारावरून जाताना त्यांचे पाय अडखळले नव्हते. आज तेच दार सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं. आधारासाठी त्यांनी पाळकांकडे पाहिलं.

"पाळकसाहेब... नियम आहे."

"काका, सहा महिने मी इथली सगळी रजिस्टरं वाचतोय," संदेश पाळक हळू म्हणाले. "नियम नाही. दहा वर्षांपूर्वीचा एक ठराव आहे फक्त. मांडणाऱ्याच्या नावाखाली तुमची सही आहे."

मांडणारा मीच. दौलतरावांनी मान खाली घातली. ताटातले चौकोन त्यांना दिसेनासे झाले. मग ते हलले. पण मागच्या बाकाकडे गेले नाहीत. न्यायानं वागायची खोड काही पश्चात्तापानंही जात नाही. ते आधी पुढच्या बाकापाशी, मालनबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"मालनबाई, तुम्ही माझ्या पाया पडला होतात आणि मी पाय मागे घेतले होते. तो ठराव मी आज मागे घेतो. पण तुमच्या रचनाच्या आधी मी माझ्या मुलीपुढे ताट कसं नेऊ, ते तुम्हीच सांगा."

मालनबाईंचे मिटलेले ओठ उघडले. दहा वर्षं दाबून धरलेलं एकदम वर आलं. "मी तुमच्यावर जळत होते, दौलतभाऊ. तुमच्या पोरीलाही शिस्त लागली तेव्हा मला बरं वाटलं होतं, देवाशपथ... ही विमल निदान उपाशी राहिली. मी आई असून दर महिन्याला हात पुढे केला, आणि माझी रचना तिकडे..." त्यांनी डोळे पुसले. "जा तुम्ही. कुठून तरी सुरुवात करा. मी दुपारी लावते पुण्याला फोन."

वेदीपासून शेवटच्या बाकापर्यंत वीस-बावीस पावलं असतील, पण दुखऱ्या गुडघ्यांनी ती चालायला दौलतरावांना फार वेळ लागला. संचिताचे दोन्ही हात पर्सखाली होते. ती बापाकडे बघत नव्हती. ती त्या ताटाकडे बघत होती, आणि डोळ्यांत भीती होती... पुन्हा उचललं तर?

दौलतरावांनी ताट तिच्यापुढे धरलं नाही. त्यांनी ते आख्खं ताट तिच्या मांडीवर ठेवलं. मग बाकाची कड धरून, एकेक गुडघा सावकाश टेकत, ते तिच्यासमोर खाली बसले आणि आपली रिकामी ओंजळ त्यांनी पुढे केली.

"त्या दिवशी तुझ्या ओंजळीवरून मी ताट उचललं, बाळा. आज ताट तुझ्याकडे आहे. द्यावंसं वाटलं तर दे. नाही दिलंस तरी मी काही म्हणणार नाही, मला तो अधिकार उरला नाही."

वेदीपाशी उभ्या असलेल्या विमलाबाईंना फक्त लेकीची झुकलेली मान दिसत होती आणि नवऱ्याचं पिकलेलं डोकं. या माणसाला आपण चाळीस वर्षं ताठ पाहिलं, हे एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि अंगावर शाल असून त्यांना हुडहुडी भरली.

संचितानं पर्स बाजूला ठेवली. ताट उचललं. क्षणभर ते तिच्या हातांत अधांतरी राहिलं... सात वर्षांचा तो क्षण. मग तिनं एक चौकोन घेऊन बापाच्या ओंजळीत ठेवला, आणि त्या सुरकुतलेल्या ओंजळीवर स्वतःचं कपाळ टेकून ती रडली. "पप्पा... पेरू नको होते मला, पप्पा..." एवढंच तिला बोलता आलं. "ठाऊक होतं गं," दौलतराव म्हणत होते, "ठाऊक होतं मला, पण दुसरं काही आणायची हिंमत नव्हती."

त्यानंतर जे झालं ते कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं नव्हतं. बापाला हाताला धरून उठवून, ताट घेऊन संचिता पुढे आली, आणि मंडळीनं ठरवल्याप्रमाणे विमलाबाईंना त्या दिवशी सर्वांसमोर भाकर मिळाली. फक्त देणारे हात बदलले होते. विमलाबाईंनी डोळे मिटून ओंजळ धरली. सात वर्षांनी तो इवलासा चौकोन जिभेवर आला, आणि डोळ्यांतलं पाणी ओठांवर ओघळून त्याच्याबरोबर पोटात गेलं. संदेश पाळकांनी दुसरं ताट उचललं आणि ते स्वतः बाकाबाकांतून फिरू लागले, कोणाचाही हात न वगळता.

उपासना संपल्यावर वेदीमागच्या छोट्या खोलीत सगळे जमले. ताटात दहा-बारा चौकोन उरले होते. संचितानं स्वतःचा घास मघाशी घाईत, हुंदक्यांतच गिळला होता. आता तिनं एक चौकोन उचलून सावकाश चावला, आणि अकरा वर्षांची असताना करायची तशीच भुवई वर केली.

"आई," ती म्हणाली, "मीठ कमी आहे."

विमलाबाई गोंधळल्या. "मघाशी मला तर काही कळलं नाही गं."

"कसं कळेल? रडत होतीस," दारात उभ्या असलेल्या मालनबाई म्हणाल्या. "आणि आजचं काय विचारतेस, सात वर्षं कमीच आहे, बाई. महिला मंडळात दर महिन्याला बोलणं व्हायचं. पण देवाच्या भाकरीला नावं ठेवायची कोणी?"

"अहो, तुम्ही तरी सांगायचं," विमलाबाई नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही तर दर वेळी खात होतात."

दौलतराव भिंतीला टेकून गुडघे चोळत बसले होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"मला वाटलं," ते म्हणाले, "माझ्याच तोंडाची चव गेली."

विमलाबाई ताट झाकायला पांढरा रुमाल शोधू लागल्या. तो संचिताच्या हातात होता, आणि ती त्यानं आधी पप्पांचे डोळे पुसत होती.